गच्चीवर गेलेला अ‍ॅम्प

मुक्रान गेला त्यानंतर आठवड्याभराने वरच्या मोहल्ल्यातल्या कॉफीखान्यात मंडळी जमली होती. कोणीतरी म्हणालं, "झुबेर, तू बोल. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखत होतं?"

झुबेर न्हावी. त्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला दाढी पुरी होईस्तोवर एक शब्द बोलायला मिळत नाही, अशी त्याची ख्याती. तो उठला, घसा खाकरला, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

निम्मं आयुष्य दोघं शेजारी बसून वाजवत आले होते. गिटार आणि गळा मुक्रानचा. झुबेरचा बेंदीर, म्हणजे चाळणीएवढा मोठा डफ. मुक्रान कॉफीत एकच साखर घालतो, गिटारची नखी टोपीच्या घडीत ठेवतो, तार तुटली की शिवी न देता नुसता "हं" म्हणतो, एवढं झुबेरला माहीत होतं. पण तो गिटार कोणाकडून शिकला? बायको वारल्यावर लोकांनी इतकं सांगूनही त्याने दुसरं लग्न का केलं नाही? गाताना डोळे मिटतो ते कोणाला बघायला? झुबेरने कधी विचारलं नव्हतं. मुक्रान सांगणाऱ्यांतला नव्हता, आणि झुबेरला स्वतःच्या बोलण्यातून सवड नव्हती.

अथपासून इतिपर्यंत ठाऊक होती ती एकच गोष्ट: अ‍ॅम्प कसा घेतला. तीच त्याने त्या दिवशी सांगितली. कॉफीखान्यात त्याने तिला थोडं तिखटमीठ लावलं. इथे जमेल तितकी साधी ठेवली आहे.

मुक्रान बिजाया शहराच्या पाणीखात्यात मीटर वाचायचा. आमचं शहर डोंगराच्या उतारावर टांगलेलं. वरच्या मोहल्ल्यात गल्ली म्हणजे जिनाच. ते सगळे जिने त्याच्या पायांना पाठ होते. कोणाच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, कोणाचा जिना काळोखा आहे, सगळं त्याला माहीत. मीटर वाचून निघताना एखादा नळ ठिबकताना दिसला तर तो न विचारता घट्ट बंद करायचा. बायका म्हणायच्या, दा मुक्रान, म्हणजे मुक्रानदादा, येऊन गेला की घर कोरडं होतं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मात्र हाच माणूस गिटार घेऊन बसायचा. साखरपुडा, सुंता, मेंदीची रात्र, रमझानात कॉफीखाना. मोठ्या दिवाणखान्यांची आमंत्रणं त्याला येत नसत आणि तो त्यांची वाटही बघत नसे. त्याच्याकडे पुतण्याने टाकून दिलेला एक अ‍ॅम्प होता, पण तो इलेक्ट्रिक गिटारचा. साध्या लाकडी गिटारीचा आवाज त्यातून असा यायचा, की कोणी पत्र्याच्या पिंपात बसून रडतंय. एका सुंतेच्या जेवणात त्यातून धूर निघाला. पाहुण्यांना वाटलं मटण करपलं, आणि दोघं-तिघं स्वयंपाकघराकडे धावले. मुक्रान नुसता "हं" म्हणाला.

पुढे काही दिवस तो तसाच, नुसत्या गळ्यावर गात राहिला. आणि मग झुबेरच्या मुलीचं, तस्सादितचं लग्न ठरलं.

"बाबा, मेंदीच्या रात्री डीजे आहे," ती एका सकाळी म्हणाली. "मावशीचा यानिस आणणार आहे. दोन स्पीकर, कपाटाएवढे."

"कपाटं आपल्या घरात आहेत."

"थट्टा नका करू."

"मेंदीला दा मुक्रान गाईल आणि मी वाजवीन. संपलं."

"काय संपलं? त्यांचं गाणं वर गच्चीवर ऐकू तरी येतं का? तुम्ही पुरुष खाली अंगणात मजेत बसता. शेजारच्या हसीनाच्या मेंदीला आम्ही वर कान देऊन देऊन थकलो. शेवटी आत्याने अंदाजाने आनंदाची आरोळी, युयू, घातली. मग सगळ्यांनी घातली, गच्ची दणाणून सोडली. आणि खाली तेव्हा काय चाललं होतं? इमाम दुआ मागत होते!"

झुबेरला हसू आलं. ते त्याने दाबलं, आणि तिथेच चुकलं. तस्सादितला वाटलं बाबा कुत्सितपणे हसताहेत.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सासरी जाताना रिवाजाप्रमाणे दारात तुमच्या हाताखालून जाईन. तोंडाकडे मात्र बघणार नाही."

त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं सोडलं. झुबेर बोलका खरा, पण गावाशी. घरात मुलीसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्याने दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकांना सगळी हकीकत ऐकवली. जिला सांगायची ती घरी मेथी निवडत बसली होती.

शेवटी त्याच्या बायकोने, वर्दियाने, तोड काढली. "दा मुक्रानला सांग, नवा अ‍ॅम्प घे. गाणं गच्चीवर पोचलं तर रात्रभर तुम्हीच वाजवा. नाही पोचलं, तर पहिल्या गाण्यानंतर यानिस बटण दाबेल. मग तू मध्ये पडायचं नाहीस."

"आणि पोर?"

"पोर कबूल आहे. तू कबूल हो."

झुबेर कबूल झाला. मग तिघं मिळून बंदराजवळच्या सी ताहरच्या, म्हणजे ताहरशेठच्या, दुकानात गेले. वर्दियाचं जाणं ठरलेलंच होतं; नुसत्या दोन पुरुषांना काही विकत घेऊ देणं तिला धोक्याचं वाटायचं. शिवाय दोघांचेही खिसे पातळ, आणि सी ताहरची जीभ गोड.

सी ताहरने आधी सर्वांत मोठा काढला. "हा घ्या. हा लावलात तर बंदरातून निघालेलं जहाज परत येईल."

मुक्रानने तो एका हाताने उचलून पाहिला, मग दोन्ही हातांनी, मग खाली ठेवला. "आमच्या गल्लीत याला वर न्यायला खेचर लागेल, ताहर."

"मग आणा खेचर!"

"खेचराला परत कोण आणणार?"

दुसऱ्यावर बटणांची रांग होती. एक दाबलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा, दुसरं दाबलं की घुमटातून. "आणि हे दाबलं ना," सी ताहर डोळे मोठे करून म्हणाला, "की एकटा माणूस चौघांसारखा गातो."

"मी एकटाच बरा गात नाही. चौघांचं कोण ऐकेल?"

मुक्रानची नजर फळीच्या खालच्या कप्प्याकडे गेली. तिथे पावाच्या डब्याएवढा एक तपकिरी अ‍ॅम्प होता. दोन खाचा: एक गिटारला, एक माइकला. वीज गेली तरी काही वेळ बॅटरीवर चालणारा. लाकडी गिटारीसाठीच बनवलेला, त्यामुळे आवाजात पत्रा नाही.

"तो?" सी ताहरचा चेहरा पडला. "तो चौकात टोपी पुढे ठेवून वाजवणाऱ्यांचा. लग्नाचा नव्हे."

"लाव तर खरं. तिन्ही लाव." मुक्रानने स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली. मग झुबेर-वर्दियाकडे वळून म्हणाला, "आता तुम्ही दोघं भांडा."

"काय?"

"भांडा. मी वाजवतो. आवाज न चढवता एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. लग्नात शेजारच्याकडे मीठ मागता येत नसेल तर ते लग्न कसलं?"

"पण कशावरून भांडायचं?" झुबेरने विचारलं.

"ऐका!" वर्दिया म्हणाली. "याला विषय शोधावा लागतोय!"

मोठ्या अ‍ॅम्पजवळ भांडण जमलंच नाही. "काय?" "काय म्हणालीस?" एवढ्यावरच ते अडलं. दुसऱ्याजवळ वर्दियाचा प्रत्येक शब्द घुमटात विरून गेला. तपकिरी डब्याजवळ मात्र भांडण छान रंगलं. गाणं चाललेलं, आणि त्याच्या वरून शब्द न् शब्द स्वच्छ. दुकानातली गिऱ्हाइकंही कान देऊन उभी राहिली.

"तुला डीजे नको. का नको, ते पोरीला कधी सांगितलंस?"

"तिला कळायला हवं."

"कसं कळेल? गावातल्या प्रत्येक टकलाला तुझ्या मनातलं माहीत. तिच्यासमोर आलास की मूग गिळून बसतोस!"

"टकले माझ्याकडे येत नाहीत, वर्दिया. त्यांना कापायला काय असतं?"

"बघा! बघा, कसा पळाला!"

तेवढ्यात दोघांच्या लक्षात आलं की गिटार थांबली आहे. मुक्रान तारांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता.

"हाच," तो म्हणाला.

घरी आणून लावला तेव्हा मात्र पंचाईत झाली. अंगण खोल, भिंती उंच. वर गच्चीवर जे पोचलं त्याला गाणं म्हणणं कठीण होतं. आवाज वाढवला तर अ‍ॅम्प शिट्टी मारू लागला. झुबेरची आई यम्मा जुहर कोपऱ्यात बसली होती. तिच्या कानातल्या यंत्रानेही त्याच्या सुरात शिट्टी धरली.

"बंद करा रे, जहाज सुटतंय का?" ती ओरडली.

यानिसने तोवर आपली दोन कपाटं गच्चीवर आणूनही ठेवली होती. डोंगरावरची माकडं उतरून वायरी ओढतात म्हणून त्यांवर चादर टाकली होती. खाली येताना तो फार नम्रपणे म्हणाला, "काका, घाई नाही. मी वर तयार असेनच."

"ताहर खरं सांगत होता," झुबेर म्हणाला. "मोठा घ्यायला हवा होता, दा मुक्रान. आता ती बटण दाबणार. आणि निघायच्या दिवशी माझ्या हाताखालून जाताना ती भिंतीकडे बघणार."

मीटर कुठे आहे ते शोधावं तसा मुक्रान जिन्याकडे बघत राहिला. दोन-तीन पायऱ्या चढला, वर पाहिलं, खाली आला.

"खालच्यांना हा लागतो कशाला?" तो म्हणाला. "इथे माझा गळा पुरतो. निम्मं आयुष्य पुरलाच ना? याला बायकांच्यात पाठवू. वायरी लांब घेऊ."

झुबेर त्याच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं मोहल्ल्यातले सगळे गाणारे आपला आवाज अंगणातून वर फेकत आले होते, आणि अंगणातल्यांचे कान किटवत आले होते. डबाच वर न्यावा हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अ‍ॅम्प गाणाऱ्याच्या पायाशी असायचा, जसा जोडा दाराशी. तपकिरी डबा वर गेला. वर्दियाने त्याला पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि त्यावर विणकामाचा रुमाल घातला, जणू सासरहून पाहुणा आलाय. दोन वायरी जिन्यातून खाली आल्या: एक गिटारची, एक माइकची.

मेंदीच्या रात्री अंगणात पुरुष, गच्चीवर बायका. मेंदी घेऊन आलेल्या नवऱ्याकडच्या बायकाही वरच, आणि त्यांच्या मध्यभागी नवऱ्याची आई, कलथूम खाला. यानिस गच्चीच्या दारात बटणाजवळ बसलेला. कुसकुसची ताटं फिरली. मुक्रानने टोपीतून नखी काढली, डोळे मिटले आणि पहिलं गाणं सुरू केलं.

अंगणात आवाज होता तेवढाच, रोजचा, लाकडाचा. लोक गात होते, मीठ मागत होते, लिंबं पुढे सरकवत होते. वर काय पोचतंय हे मात्र खाली कोणालाच कळत नव्हतं. झुबेर बेंदीर वाजवत होता, पण कान गच्चीकडे लागलेले. गाणं संपलं. क्षणभर काहीच नाही. मग वरून युयू आली, लांब, बरोबर ठिकाणी, आणि तिच्यामागे आणखी दहा जणींची. यानिसने बटणावरून हात काढला.

झुबेरचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की झुबेरची जीभ सुटते. दुसऱ्या गाण्यानंतर तो मुक्रानच्या कानाशी वाकला. "नवऱ्याच्या आईने गोडाला खजुराचे मकरूद पाठवलेत. खाल्लेस का?"

"नाही."

"खाऊ नकोस. मी एक चावला. माझ्या दुकानात दगडावर वस्तरा घासतो ना, तसा आवाज आला. हातोडी दिल्याशिवाय ते वाटूच नयेत."

वरून हशा फुटला. झुबेरने वर पाहिलं. "काय झालं वर?"

"पडलं असेल कोणीतरी," मुक्रान म्हणाला.

तिसऱ्या गाण्यानंतर मुक्रानने गिटारची एक खुंटी पिळली, कान लावला, परत पिळली. आणि वर न बघता, तारेला विचारावं तसं विचारलं, "तुला डीजे नको होता. का रे?"

झुबेर चकित झाला. या माणसाने आजवर त्याला 'चहा की कॉफी' याखेरीज काही विचारलं नव्हतं. कदाचित म्हणूनच तो थट्टा करायची विसरला.

"ती चालायला शिकली ती याच अंगणात," तो म्हणाला. "मी बेंदीर वाजवायचो. वाजवलं की ती पाऊल टाकायची. थांबलो की धपकन बसायची. मग माझ्याकडे बघायची, की वाजव ना. दा मुक्रान, ती परवा या घरातून चालत जाणार. मला वाटलं, निघायच्या आधी एक रात्र तरी माझ्या हातावर असावी. ते यंत्र काय, कोणाच्याही पोरीसाठी वाजतं." त्याने बेंदीरच्या कातड्यावरून हात फिरवला. "पण हे तिला कसं सांगायचं? मला दाढी तेवढी करता येते."

वर एकदम शांत झालं होतं. इतकं, की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं ऐकू आलं. मग यम्मा जुहरची युयू आली, म्हाताऱ्या गळ्याची, मध्येच तुटणारी. ती तुटली तिथून सगळ्या बायकांनी उचलून धरली.

आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून तस्सादितचा आवाज आला, ओला आणि हसरा, दोन्ही:

"बाबा! माइक चालू आहे!"

अंगण हादरलं ते हशाने. झुबेर माइककडे बघत राहिला, साप निघाल्यासारखा.

"आणि कलथूम खाला विचारताहेत," ती पुढे म्हणाली, "हातोडी कोणत्या मापाची पाठवू?"

थोड्याच वेळात वरून एक ताट उतरलं. त्यात मकरूद, रचून डोंगर केलेले. निरोप होता: नवरीच्या बाबांनी हे सर्वांसमोर बसून खायचे. झुबेरने खाल्ले. एकेक. प्रत्येक घासाला अंगणातून टाळ्या, आणि माइक तसाच चालू असल्यामुळे प्रत्येक चावण्याला गच्चीवरून हशा. नंतर मरेपर्यंत तो शपथेवर सांगणार आहे की ते तितके कडक नव्हते.

यानिसची कपाटं चादरीखालीच राहिली. सकाळी त्यांवर दोन माकडं उन्हात बसलेली दिसली.

निघायच्या दिवशी झुबेरने बापाचा जाडजूड बुर्नूस, म्हणजे लोकरीचा पायघोळ अंगरखा, अंगावर घेतला आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला. तस्सादित त्या हाताखाली आली आणि थांबली. मागून बायका ढकलत होत्या, बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते. तिने बुर्नूसच्या घडीतून मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"वाजवा ना," ती म्हणाली.

बेंदीर आत भिंतीला टांगलेला. झुबेरने दुसऱ्या हाताच्या बोटांनी चौकटीवरच ठेका धरला. ती दोन पावलं चालली. तो थांबला. तीही थांबली, धपकन बसायची तेवढी राहिली, कारण झग्याखाली तारांचा घेर होता. मग त्याने परत वाजवलं, आणि ती गाडीपर्यंत गेली.

मुक्रान तेव्हा गल्लीच्या वळणावर गिटारची पिशवी पाठीला लावून उभा होता. त्याने टोपी थोडी उचलली, एवढंच.

झुबेरला नंतर एक गोष्ट सारखी खुपत राहिली. त्या माइकला बटण होतं, मुक्रानच्या अंगठ्याजवळच. लोकांच्या घरचे ठिबकणारे नळ न विचारता बंद करणारा माणूस, तो माइक उघडा विसरेल? आणि नेमका त्याच वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, प्रश्न विचारेल? विसरलाही असेल. म्हातारा झाला होता. झुबेरने कितीदा ठरवलं की आज विचारायचं, आणि दरवेळी दुसऱ्याच कशाबद्दल बोलत बसला.

शेवटची भेट दुकानातच झाली, थंडी पडायला लागली होती तेव्हा. मुक्रान दाढी करून उठला, आरशात हनुवटी एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली, नखी टोपीत आहे का ते चाचपलं. दुकानात आणखी दोघं बसले होते आणि झुबेर त्यांना मकरूदची गोष्ट सांगत होता. मुक्रान दारापर्यंत गेला तेव्हा झुबेरला आठवलं.

"दा मुक्रान, तुझी ती लांब वायर माझ्याकडेच राहिलीय. उद्या आणून देतो."

"घाई नाही. पण गुंडाळताना पीळ देऊ नकोस. आतून तुटते."

"नाही देत."